बोरसावळीचा जावई खांब

लाकूड खोटं बोलत नाही, असं मी पॉलिटेक्निकच्या मुलांना बत्तीस वर्षं सांगत आले. फळ्यावर खडूनं तुळई काढायची, तिच्यावर बाणांनी भार दाखवायचा आणि हे वाक्य टाकायचं. मागच्या बाकावरचेसुद्धा माना डोलवायचे. वाशिम जिल्ह्यातल्या बोरसावळीला जाऊन आल्यापासून त्या वाक्याला एक शेपूट जोडावं लागतंय. लाकूड खोटं बोलत नाही हे खरंच, पण त्यानं तोंड उघडायच्या आत आपणच बोलून मोकळं होऊ नये.

निवृत्त झाल्यापासून मी जुन्या लाकडी इमारती बघत हिंडते. आमच्या साताऱ्याकडची देवळं झाली, चावड्या झाल्या. वाशिमला नोकरी करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. "मॅडम, बोरसावळीत अख्खा लाकडी बाजार आहे. खांब, तुळया, छपराच्या कैच्या, सगळं सागवानी. धोकादायक म्हणून पाडायचा चाललाय. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत ठरणार. तुम्ही बघून मत लिहून द्याल का?"

मत द्यायला मी आजवर कुणाला नाही म्हटलेलं नाही. लगेच तिकीट काढलं.

जऊळक्याहून बोरसावळी

जऊळक्याच्या स्टेशनवर सरपंच रेखाताई स्वतः स्कूटर घेऊन आल्या होत्या. चाळिशीच्या, काटक, पदर कमरेला खोचलेला. माझी बॅग त्यांनी आपल्या पायांपाशी ठेवली आणि म्हणाल्या, "घट्ट धरा मॅडम. स्कूटर माही हाय, पन रस्ता सरकारचा हाय."

दोन्ही बाजूंना शेंगांनी भरलेलं सोयाबीन, मधून तुरीच्या ओळी. पावसानं नुकतीच उघडीप दिली होती. एका ओढ्यापाशी उतरून चालावं लागलं आणि तिथे माझी डावी चप्पल चिखलात गेली. आमच्याकडची तांबडी माती धुतली की पाय सोडते. ही काळी माती चपलेसकट पाय मागते. रेखाताईंनी काठीनं उकरून चप्पल काढली, पण पट्टा तुटून आला.

"आता हे फुगून बसली," चिखलाकडे बोट दाखवत त्या म्हणाल्या. "उन्हायात या, तुमचा हात कोपरापावतर जाईन इतक्या भेगा पडतात. आमची जमीन श्वास घेते, मॅडम. उन्हायात आत अन् पावसायात बाहीर."

पाहुण्यांना ऐकवायचं वाक्य दिसतंय, असं समजून मी ते सोडून दिलं.

अशा रीतीनं एका पायात चप्पल घालून मी बोरसावळीत प्रवेश केला. नेमका बाजाराचा दिवस. गावाच्या मधोमध कमरेएवढ्या उंचीचा काळ्या दगडाचा ओटा, त्यावर नऊ-नऊ खांबांच्या चार ओळी आणि वर कवेलूंचं, म्हणजे आमच्या कौलांचं, छप्पर. भिंत एकही नाही. गाव त्याला छत्तीसखांबी म्हणतं. मधल्या दोन ओळींवरचं छप्पर आजूबाजूच्या छपरापेक्षा चांगलं पुरुषभर उंच घेतलंय. त्या मोकळ्या पट्ट्यातून उजेड खाली येतो आणि लाल मिरचीचा ठसका वर निघून जातो. खांब छातीपर्यंत चौकोनी आणि तिथून वर आठकोनी तासलेले. प्रत्येकाच्या डोक्याशी दोन तिरके टेकू तुळईला हात दिल्यासारखे. मी तिथेच, एका चपलेवर, तोंड वर करून उभी राहिले. गवारीवाल्या बाईनं "बाजूले व्हा वो बाई" म्हणून दोनदा हटकलं तेव्हा भानावर आले. इतकं सुंदर लाकूडकाम मी फार वर्षांत पाहिलं नव्हतं.

"एक बी खिया नाई यात," रेखाताई अभिमानानं म्हणाल्या. प्रत्येक लाकडी इमारतीबद्दल हे सांगतातच, म्हणून मी मोजले. अकरा खिळे निघाले. सगळे पिशव्या टांगायला मारलेले.

कुठे तारीख कोरलेली नाही. इंग्रजांच्या अमलात, वऱ्हाडच्या कापसाला तेजी असताना, गावातल्या छत्तीस व्यापाऱ्यांनी मिळून हा बाजार बांधला असं सांगतात. साग मेळघाटातून बैलगाड्यांनी आणला. सुतार लांबून कुठून तरी आला होता. त्याचं नाव आज कुणालाच माहीत नाही, छत्तीस व्यापाऱ्यांची नावं मात्र पोरासोरांनासुद्धा पाठ! दर व्यापाऱ्याला एक खांब आला, आणि खांब असेल तरच बाजारात जागा. आजही तसंच चालतं. "आमचा खांब" म्हणून आजा नातवाला सांगून जातो. आमच्याकडे विकणारा पुढे वाकून ओरडतो. इथे सगळा बाजार आपापल्या खांबाला पाठ लावून बसतो आणि मागे रेलूनच गिऱ्हाइकाला हाक मारतो. मला ही तऱ्हा फार आवडली.

फक्त एक म्हातारे गृहस्थ खांबापासून हातभर दूर, ताठ बसले होते. समोर धोतरजोड्यांच्या आणि लुगड्यांच्या चळती. हे मोतीशेठ, गावातले जुने जैन कापडवाले. वय ऐंशीच्या घरात. या वयात काय पाठ ताठ आहे, असं मला कौतुक वाटलं.

आणि त्यांच्याच डोक्यावर मला ती भेग दिसली. उत्तरेकडच्या ओळीतल्या तुळईला आडवा तडा गेलेला. मी बॅटरी काढली, चष्मा बदलला, खालूनच नीट पाहिलं. जळमटांतून काळी रेघ स्पष्ट दिसत होती.

"ही तुळई मोडत आलीय," मी म्हटलं. माझा आवाज वर्गाला सवयीचा आहे, तो बाजारभर गेला. "छपराचा भार तिला पेलत नाही. एक मोडली की शेजारच्या दोन जातात. लाकूड म्हातारं झालं की असंच होतं."

"म्हंजे पाडाच लागते?" रेखाताईंनी विचारलं.

"दुरुस्तीच्या पलीकडे गेलंय. मी लिहून देते." मग तुळईखालच्या खांबावर थाप मारून मी वर भरही घातली, "हा खांब तेवढा बघा कसा बसलाय. पायाखाली सुई जायची नाही. सगळे असे असते तर काळजी नव्हती."

आजूबाजूचे लोक हसले. "जवाई हाय थो," कुणीतरी म्हणालं. "दोन वर्सं झाले, बसला थो बसलाच!" मला वाटलं, गावातली काही गंमत असेल. मोतीशेठ मात्र हसले नाहीत. ते माझ्याकडे बघतच राहिले आणि मग हातातल्या लुगड्याची पुन्हा पहिल्यापासून घडी घालू लागले. मी तिथेच ओट्यावर बसून दोन पानी मत लिहिलं, खाली सही ठोकली आणि रेखाताईंच्या हातात दिलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं होतं की साताऱ्याच्या मॅडमनं सांगितलं, छत्तीसखांबी गेली.

रेखाताईंच्या घरी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि अंबाडीची भाजी होती. त्यांनी मला दोनदा वाढलं, स्वतः अर्धीच भाकरी खाल्ली. शेवटी म्हणाल्या, "माह्या मायनं त्या बाजारात बांगड्या विकल्या, मॅडम. मी खांबाखाली झोके घेतले. पन एखाद्यावर पडलं तं मी काय तोंड दाखवू? तुमी सांगतलं तं आता पाडतोच." मला त्यांचं मन कळलं, आणि खरं सांगते, आपण खंबीर मत दिलं याचं समाधानही वाटलं.

खांदशेकणी

पोळ्याच्या आदल्या दिवशी इथे खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेले बैलांचे खांदे हळद आणि तूप लावून शेकतात आणि बैलाच्या कानात सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आमच्याकडे बेंदूर असतो, पण इतक्या अदबीनं बैलाला आमंत्रण देताना मी कुणाला पाहिलं नव्हतं.

आणि बोरसावळीत बैलांबरोबर खांबांचीही खांदशेकणी होते! सकाळी छत्तीस घरची माणसं छत्तीसखांबीत जमली. हातात जुन्या कापडाचा बोळा आणि वाटीत काळंभोर तेल. खांबाचा खालचा वीतभर भाग त्या तेलानं माखायचा. हे बिब्ब्याचं तेल. रानात बिब्बा भरपूर, आणि बिब्बा प्यायलेल्या लाकडाकडे वाळवी फिरकत नाही. मोतीशेठना तर हा उपाय धर्मानंही पटलेला.

"वाळवीले माराचं नाई," ते म्हणाले. "तिले येऊच द्याचं नाई. म्हंजे तिचंबी पाप नाई अन् लाकडाचंबी नुसकान नाई."

मी वाकून, ओल्या लाकडाचा पोत बघायला उजव्या हाताची बोटं त्यावरून फिरवली.

"बाई, हात नका लावू. बिबा हाय."

"शेठजी, लाकडाला हात लावण्यातच माझं आयुष्य गेलंय," मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा सांगितलं नाही. थोर माणसानं एकदाच सांगायचं असतं. उजवा हात दुपारी खाजायला लागला, संध्याकाळी भाजल्यासारखा झाला आणि दुसऱ्या सकाळी बोटांना टपोरे फोड आले. बिब्बा उतला होता. रेखाताईंनी ओलं खोबरं आणि तीळ वाटून हाताला लेप बांधला आणि म्हणाल्या, "आमच्याइथं दोन वर्साचं लेकरूबी बिब्याले हात नाई लावत." बत्तीस वर्षांच्या नोकरीत माझी एवढी थोडक्यात परीक्षा कुणी घेतली नव्हती.

पण ते पुढचं. त्या दिवशी मोतीशेठनी मला सूर्य मावळायच्या आत जेवायला बोलावलं होतं. ते दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. चातुर्मासात हिरवी भाजीही बंद. सुनेनं पापडाची आमटीसारखी भाजी केली होती, मुगाची डाळ, तूप लावलेल्या पोळ्या. हात जळत होता तरी मी तीन पोळ्या खाल्ल्या.

जेवताना मी विचारलं, "त्या खांबाला जावई का म्हणतात?"

मोतीशेठ सांगू लागले. "छत्तीस खांबातले पस्तीस भार वाहतात. माहा वाहत नव्हता. तुयईले वरून लटकेल होता, पाय खालच्या गोट्याले टेकत नव्हते. काम काई नाई, पन मान पुरा! हळद-कुकू, तेल, समदं त्यालेबी. म्हनून जवाई. पोयाच्या दिवशी त्याच्या पायाखालून कच्चं सूत ओढत. उन्हायात फट बोटभर राहे, अन् पानी चांगलं झालं की कमी होये. पोयाले सूत अडकत अडकत निघालं तं लोक म्हनत, जमिनीत ओल हाय, हरबरा पिकते. सरकन निघालं तं हरबरा पेराचा नाई."

"आणि आता?"

"दोन वर्सांपासून सूत जातच नाई. पह्यल्या वर्सी लोक खुश झाले, जवाई बसला म्हने, दाबून हरबरा पेरला. पन जमिनीत ओलच नव्हती, वायून गेला समदा. तवापासून कोनी सूत आनत नाई."

"पण आधी फट होती, ती बुजली कशानं?"

मोतीशेठनी ताटातला शेवटचा घास संपवला, जैन रीतीप्रमाणे ताट धुऊन ते पाणी प्यायले आणि हात जोडले. "सूर्य चालला, बाई," एवढंच म्हणून ते देवघरात गेले. माझ्या बोटांची आग होत होती. मीही फार विचार केला नाही. हे लिहिताना त्याची लाज वाटते. माणूस सगळं पुढ्यात वाढून ठेवत होता आणि मी पापडाची भाजी जेवत होते.

पोळा

दुपारनंतर सगळं गाव वेशीवरच्या तोरणाखाली लोटलं. शिंगांना बेगड, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरमाळा, आणि ढोलांच्या मध्ये कुणी खड्या आवाजात झडत्या, म्हणजे पोळ्याची चढाओढीची कवनं, म्हणतंय. मीही अर्धा तास पाहिलं. पण हाताला ठणका आणि गर्दीत कुणाचा धक्का लागेल ही धास्ती, म्हणून निघाले आणि पाय आपोआप छत्तीसखांबीकडे वळले. रिकामा बाजार पहिल्यांदाच पाहत होते. कुणी नसताना इमारत जास्त नीट दिसते.

उत्तरेच्या ओळीकडे बघताना एक गोष्ट खटकली. बाकीच्या प्रत्येक खांबावर दोन तुळयांचा सांधा आहे. इथून तिथून सगळीकडे तसंच. जावयाच्या डोक्यावर मात्र सांधा नाही. तिथे एकच लांब तुळई, या शेजाऱ्यापासून त्या शेजाऱ्यापर्यंत, आणि बाकीच्यांपेक्षा चांगली चार बोटं जाड. मधल्या खांबाचा आधार लागू नये इतकी जाड. सुताराला ठाऊक होतं! त्यानं तो खांब भारासाठी धरलाच नव्हता. मग एवढी दणकट तुळई मोडली कशी?

गावातले सुतार गजानन मिस्त्री तोरणाकडून परतत होते. त्यांना शिडी मागितली. ते म्हणाले, "त्या हातानं?" मी म्हटलं, डावा आहे ना. त्यांनी शिडी धरली आणि मी चढले. साठी उलटलेल्या बाईनं एका हातानं शिडी चढावी का, हा प्रश्न वाचकांनी मला विचारू नये, मिस्त्रींनी विचारून झालाय.

वर जाऊन जळमटं पुसली. तडा वरून उघडा होता. वरच्या अंगाला बोट जाईल एवढा रुंद आणि खाली येता येता केसासारखा बारीक. मी खालून त्याचं शेपूट पाहिलं होतं आणि त्यावरून सगळा प्राणी ओळखला होता.

ज्यांना तुळयांशी देणंघेणं नाही त्यांच्यासाठी सांगते. ऊस गुडघ्यावर ठेवून मोडला तर तो गुडघ्याच्या बाजूनं फाटत नाही, वरच्या बाजूनं फाटतो. छपराच्या भारानं वाकलेली तुळई मधोमध खालून फाटली असती. ही वरून फाटली होती. म्हणजे तिच्या पोटात खालून कुणीतरी गुडघा घातला होता.

मी उतरले आणि जावयाच्या पायाशी बसले. यावेळी बोटांनी नव्हे, किल्लीनं बिब्ब्याचा काळा थर खरवडला. खाली करडं सिमेंट निघालं, आणि सिमेंटात बसवलेल्या दगडाच्या चिपा.

रेखाताईंचं ओढ्यापाशी बोललेलं वाक्य तेव्हा आठवलं. जमीन श्वास घेते. पावसात फुगलेली माती खालचा दगड वर उचलत होती. सुतारानं फट ठेवली ती त्या फुगीसाठीच. कुणीतरी ती बुजवली आणि तेव्हापासून दर पावसाळ्यात सारी जमीन त्या खांबातून तुळईला ढुशी देत होती. लाकूड थकलेलं नव्हतं. खालून एवढा रेटा सोसून ते अजून उभं होतं, आणि मी त्याला म्हातारं म्हणून लिहून दिलं होतं.

मोतीशेठ दुकानाच्या पायरीवर बसले होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्या हातातली सिमेंट लागलेली किल्ली पाहिली.

"म्या भरलं," ते म्हणाले.

दोन वर्षांपूर्वी तपासणीला एक साहेब आले होते. एक खांब टेकलेला नाही, धोका आहे, असा शेरा त्यांनी मारला. गाव हसलं, पण मोतीशेठ घाबरले. आपल्या खांबापायी अख्खा बाजार जाईल, ही भीती त्यांना खाऊ लागली. मग वैशाखातल्या एका दुपारी, बाजारात चिटपाखरू नसताना, त्यांनी स्वतःच्या हातांनी फट भरली. तेव्हा ती सगळ्यात रुंद होती. वरून बिब्बा फासला. पावसाळ्यात ते खांबाला टेकून बसले असताना पाठीतून आवाज गेला, कडाड. त्या दिवसापासून ते खांबाला टेकलेले नाहीत. आणि तो तडा पाहूनच पुढच्या साहेबांनी बाजार धोकादायक ठरवला होता.

"आमचे पंजोबा सांगत, इथं जमिनीखाली धान्याचं पेव होतं, मोठा खड्डा. बुजवून वर खांब उभा केला. सुतार म्हने, बाकी जमीन पक्की, इथलीच कच्ची हाय, इथं भार नाई द्याचा. पन छत्तिसाव्या मानसाले जागा पाह्यजे, म्हनून नुसता मानाचा खांब देला. मले हे समदं मालूम होतं, बाई. भेवात इसरलो. बाजार वाचवाले गेलो अन् म्याच मोडला." त्यांनी पायरीवरची धूळ हातानं सारली. "तुमी पंचाइतीत लिहून देलं, म्हातारं लाकूड हाय म्हनून. मले वाटलं, चला, माहं झाकलं. बाजार गेला तरी माहं झाकलं. असं मनात आलं माह्या. पर्युषण चालू हाय अन् असं मनात आलं."

मला त्या क्षणी त्यांच्याइतकंच माझंही वाईट वाटलं. त्यांनी निदान दोन वर्षं मनात कुढून काढली होती. मी दहा मिनिटांत निकाल देऊन कळण्याची भाकरी खाल्ली होती.

"उद्या मी आधी माझी चूक सांगते," मी म्हणाले. "सिमेंट होतं एवढं सांगणं मला भाग आहे. कुणी भरलं ते मी सांगणार नाही."

मोतीशेठनी माझ्या हातातली किल्ली घेतली आणि तिच्यावरचं सिमेंट धोतराला पुसून ती परत दिली.

ग्रामसभा

ग्रामसभा छत्तीसखांबीतच भरते. ज्याच्या त्याच्या खांबाला जो तो टेकलेला. रेखाताईंनी माझं दोन पानी मत वाचायला घेतलं, तशी मी उभी राहिले.

"ते वाचू नका. ते चुकलंय."

"कोनतं मॅडम? बाजाराच्या दिवशी सांगतलं थे?"

"तेच. त्या तुळईबद्दल मी लिहिलेलं सगळं चूक आहे."

एका बाजूनं हशा आला, एका बाजूनं "मंग मोठ्यानं काहून सांगतलं वो बाई!" असा आवाज आला. रास्त होतं. मी तुरीची ओली काडी घेतली, गुडघ्यावर मोडून दाखवली, वरून कशी फाटते ते सगळ्यांना दिसेपर्यंत हातोहात फिरवली. मग जावयाच्या पायाखालचं सिमेंट दाखवलं. ते काढलं, तुळईला लोखंडी पट्ट्या घातल्या, तर हा बाजार नातवंडं बघतील, असं ठणकावून सांगितलं. या वेळी मी आधी शिडी चढून मग बोलत होते, त्यामुळे ठणकावायचा मला हक्क होता.

"अन् ते सिमेट भरलं कोनं?" मागून प्रश्न आला.

मी रेखाताईंकडे बघितलं. मोतीशेठ हातानं जमिनीचा आधार घेत उठले. उठायला त्यांना बराच वेळ लागला, पण आधाराला त्यांनी खांब धरला नाही.

"म्या," ते म्हणाले. "भेवानं भरलं. तुमचा हरबरा वाया गेला थोबी माह्यापाई. बाजार पाडाले निंगाले थेबी माह्यापाई. गावानं मले माफ कराव." आणि ऐंशी वर्षांच्या त्या माणसानं चारी बाजूंना वळून चार वेळा हात जोडले.

रेखाताई पुढे आल्या. म्हणाल्या, "अवो शेठजी, गावच्या जवायाले कोनी कामाले लावते काय? तुमी त्याले एकदम जमिनीचा भार उचलाले लावलं! मंग थो रुसन नाई तं काय?"

पहिल्यांदा गवारीवाली बाई हसली, मग सगळा बाजार हसला. मोतीशेठ हसता हसता रडले. पाडायचा ठराव कुणी मांडलाच नाही. दुरुस्तीला मात्र जिकडे तिकडे हात वर झाले.

मला नवं मत लिहून द्यायचं होतं, पण उजव्या हातात पेन धरवेना. मी सांगितलं, रेखाताईंनी लिहिलं, आणि मी खाली डाव्या हाताचा अंगठा उठवला. बत्तीस वर्षं ड्रॉइंग शिकवलेल्या बाईनं! गजानन मिस्त्रींनी तो अंगठा शेजाऱ्यांनाही दाखवला.

मग त्यांनी तुळईला दोन्ही बाजूंनी धिरे, म्हणजे तात्पुरते टेकू, लावले आणि छिन्नी घेऊन जावयाच्या पायाशी बसले. सिमेंट कडक होतं. चिपा एकेक करून निघाल्या. शेवटची निघाली तेव्हा वरून धूळ पडली आणि तुळई हळूच कण्हल्यासारखी वाजली. मी पुन्हा शिडीवर चढून बघत होते. तडा मिटत गेला, बोटाचा काडीएवढा झाला. मी ते मोठ्यानं ओरडून सांगितलं आणि खाली उतरले.

कुणीतरी कच्चं सूत आणलं होतं. पोळा काल झाला होता, पण दोन वर्षं चुकलेल्या जावयाला एका दिवसाची सवलत द्यायला कुणाची हरकत नव्हती. सुताचं एक टोक मोतीशेठनी धरलं, दुसरं मला डाव्या हातात दिलं. आम्ही ओढलं. सूत गेलं, अडलं, परत गेलं, मध्येच इतकं अडलं की सभेतल्या कुणाचा श्वास ऐकू येईना, आणि मग खरखरत बाहेर आलं.

"पिकते!" गवारीवाली ओरडली. "पिकते हरबरा!" आणि लोक जागच्या जागी बियाण्याचं बोलायला लागले.

सभा मोडली. मी वह्या आवरत होते. मोतीशेठ आपल्या जागेवर जाऊन बसले, नेहमीसारखे हातभर दूर. थोड्या वेळानं ते मागे सरकले. अजून थोडे सरकले. मग त्यांनी हळूच खांबाला पाठ टेकवली. खांब त्यांच्याबरोबर किंचित हलला, जसा हलायला हवा तसा, आणि थांबला. त्यांनी डोळे मिटले. मी त्यांच्याकडे न बघता पेन्सिली मोजत राहिले.

बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले आणि पश्चिमेकडे पाहिलं.

"बाई," ते म्हणाले, "सूर्य हाय अजून. चाला, जेवून घेऊ."